जास्तीची दोन कडवी

३ फेब्रुवारी

टक्. टक्. टक्-टक्.

आमच्या भाषेच्या मास्तरांची अंगठी! लाकडी मेजाच्या कडेवर ते ती आपटायचे आणि आम्ही सगळी पोरं त्या ठेक्यावर कविता म्हणायचो. बाकं हलायची, तावदानं थरथरायची. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दारात येऊन उभे राहायचे — यायचे रागाने, आणि पहिलं कडवं संपेपर्यंत त्यांचाही पाय हलायला लागलेला असायचा. आज पहाटे तोच आवाज ऐकून जागा झालो. उठून पाहतो तर मोरीतला नळ. पण नळाला कुठला आलाय ठेका! पुन्हा आडवा झालो, डोळे मिटले आणि अख्खी कविता मनातल्या मनात चालीवर म्हणून घेतली.

मास्तर अर्थ सांगत नसत. म्हणायचे, आधी तोंडात बसू दे, अर्थ मागाहून चालत येईल. काही कवितांचा अजून यायचाय. वाट बघतोय.

आज नातवाची भाषेची चाचणी. त्याच शाळेत आहे तो. मुलांची सरकारी शाळा, तेच दगडी जिने. मेजं तेवढी आता लोखंडी झाली. जाताना रस्त्याच्या टोकापर्यंत कविता म्हणत गेला. त्याच्या आवाजावरून वर्गातली पोरं त्याला 'भोंगा' म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. सूनबाई दवाखान्यात परिचारिका, रात्रपाळी करून येते आणि हा सकाळी सुरू होतो. तिची झोप मोडते, पण रागावत नाही. "वाजू दे, बाबा. वाजतोय तोवर सगळं ठीक आहे."

४ फेब्रुवारी

काल भोंगा उड्या मारत आला. एक प्रश्न होता म्हणे — वाटसरूची कविता पाठ असेल तेवढी लिहा. "मी सगळी लिहिली, आजोबा. आठच्या आठ कडवी!" 

माझी सगळ्यांत आवडती कविता. मीच शिकवली त्याला, तो अजून बोबडं बोलायचा तेव्हा. मास्तरांनी मला, मी याला.

गणितात अकरा गुण आहेत त्याला, विज्ञानात नऊ. भूगोलाचं विचारायची सोय नाही. चिरंजीव म्हणतात, भोंगा नुसता वाजतो, गिरणी काही चालत नाही. पण भाषेत तरेल. एक विषय तरी असा असावा ज्यात पोरगं मान वर करून घरी येतं.

काळजी आहेच. नववी आहे. शाळेत नववीला 'गाळणी' म्हणतात. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा, आणि बोर्डाच्या निकालाचा आकडा शाळेच्या फाटकावर रंगवायची पद्धत. गेल्या वर्षी आकडा असा आला की रंगवलाच नाही. म्हणून यंदा नववी गाळून घेणार म्हणतात. पाणी पुढे, चोथा बाहेर.

९ फेब्रुवारी

भोंगा शाळेतून आला आणि जेवला नाही. पोट दुखतंय म्हणाला. खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे नीट जमत नाही.

१० फेब्रुवारी

चिरंजीवांना शाळेतून बोलावणं आलं. कारखान्यातून, लेथ तसंच सोडून गेले. आल्यावर भोंग्याचा पेपर माझ्यापुढे ठेवला.

कॉपी केली म्हणे! आमच्या भोंग्याने!

पेपर बघितला. जन्म छापखान्यात गेला, प्रुफं वाचण्यात. कागद हातात आला की मला आधी चुका दिसतात, मजकूर नंतर. बाकीच्या उत्तरांत काय दिसलं ते इथे लिहीत नाही. पण कवितेत एक काना चुकलेला नाही, एक वेलांटी नाही. तेच अंगाशी आलं. सहाव्या कडव्याखाली लाल रेघ. पुढच्या दोन कडव्यांना लाल चौकट आणि बाजूला — 'ही कडवी कवितेत नाहीत. कुठून उतरवली?' त्यातल्या एका शब्दाभोवती गोल — 'असा शब्द कोशात नाही.' शब्द 'उंबरउजेड'.

हे अक्षर टिंब सरांचं. भाषेचे सर, वयाने तरुण. अनुस्वाराचं एक टिंब राहिलं की अर्धा गुण कापतात, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

भोंग्याचं पाठ्यपुस्तक काढलं. खरंच की, सहाच कडवी. वाटसरू अंधारात निघून जातो तिथे कविता थांबते —

वाट संपली, रात्र उतरली,
वाटसरू ना परतुन ये.

मला तर हसू आलं. म्हटलं, एवढंच ना? पुस्तकवाल्यांनी शेवटची दोन उडवली! छापखान्यात हे मी डोळ्यांनी बघितलंय. मजकूर पानाबाहेर सांडायला लागला की कात्री शेपटावर चालते. कवीला विचारतो कोण? मूळ कविता आठ कडव्यांचीच. वाटसरू घरी पोचतो —

उंबरउजेडी कुणी थांबले,
दार कधी ना लावियले;
पाउल वाजे, ओळख पटते,
पाणी तापत ठेवियले.

धूळ झटकुनी ये रे आता,
जागा केली कुशीत मी;
वाट किती ही लांब असू दे,
संपायाची इथेच ती.

लहान मुलांच्या कवितेत वाटसरू घरी पोचायलाच हवा.

हेडसरांनी चिरंजीवांपुढे दोन वाटा ठेवल्यात. गुपचूप दाखला काढून न्या, शेरा स्वच्छ देतो. नाहीतर कॉपीचं प्रकरण वर पाठवतो, मग शेरा जन्माचा चिकटला. पोराने 'आजोबांनी शिकवली' एवढंच सांगितलं, ते कुणाला पटलं नाही. जास्त लिहिलं म्हणून नापास झालेला हा पहिलाच असेल.

"सोमवारी मीच जातो," म्हटलं. चिरंजीव मोरीवर हात धूत होते. वंगण निघून गेलं तरी धूत राहिले.

११ फेब्रुवारी

रविवार. शाळा बंद. भोंगाही बंद.

१२ फेब्रुवारी

इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो. जिन्याला हात लावला, तर पोरांच्या हातांनी कठडा तसाच गुळगुळीत — आमचेही हात त्यात आहेत.

हेडसर माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. टिंब सर कपाटाला टेकून उभे होते. मी कात्रीची गोष्ट सांगितली, पानांचा हिशेब सांगितला. हेडसर ऐकत होते, पण मधेच घड्याळाकडे डोळा जाई. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी सरळ म्हणायलाच लागलो. आठही कडवी, चालीवर, बोटाने मेजावर ठेका धरून! लोखंडी मेज कसलं वाजतंय, डबा वाजावा तसं वाजलं. बाहेरचे कारकून दारात गोळा झाले. एक जण तोंडावर हात धरून हसत होता. सहाव्या कडव्यानंतरही मी थांबलो नाही.

संपल्यावर हेडसर म्हणाले, पाठ तुम्हाला आहे यात शंका नाही. पण तुम्हाला पाठ आहे म्हणून ती पुस्तकात होती असं होत नाही, आजोबा. त्या वेळचा दुसरा कुणीतरी आणा. एकाने जरी ही दोन कडवी म्हणून दाखवली, तरी प्रकरण इथेच मिटवतो.

"एक काय, अख्खा वर्ग उभा करतो," असं छाती काढून बोललो आणि बाहेर पडलो.

जिना उतरताना एकेक चेहरा आठवत गेलो. अख्खा वर्ग! उभा राहू शकेल असा कोण उरलाय? लंबू आहे. त्यालाही उठताना आधार लागतो.

१३ फेब्रुवारी

भोंग्याला सांगितलं, काळजी करू नकोस, परवापर्यंत सगळं निस्तरतो. त्याने मान हलवली. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवतात. हे सूनबाईकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

१४ फेब्रुवारी

लंबूकडे गेलो. शाळेत असताना सगळ्यांत उंच, म्हणून कायम मागच्या बाकावर. पुढे शिंपी झाला, आता लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर असतो, दम्यामुळे खाली उतरत नाही. मला बघून म्हणाला, "अरे, तू आहेस होय! मी तर तुझ्यासाठी दोन मिनिटं उभा राहून मोकळा झालो होतो." 

कशासाठी आलो ते मुद्दाम सांगितलं नाही. साक्ष स्वच्छ हवी. नुसतं म्हटलं, चल, वाटसरू म्हणू. त्याचे डोळे लकाकले. खुर्चीच्या हातावर बोट आपटून त्याने ठेका धरला. शिंप्याचंच बोट ते, चुकेल कशाला! दम लागत होता तरी चाल सोडली नाही. दोघे म्हाताऱ्या आवाजात किंचाळत होतो म्हणा ना. आतून लेक येऊन बघून गेली.

सहावं कडवं संपलं. मी सातव्यासाठी श्वास घेतला. लंबू चष्मा पुसायला लागला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? संपली की."

"अरे, वाटसरू घरी पोचतो ते?"

"कुठला पोचतो! मास्तर रुमाल काढायचे बघ शेवटी. आपल्याकडे पाठ फिरवायचे आणि फळा पुसल्यासारखं करायचे."

आणि मला तो रुमाल दिसला. निळ्या काठाचा. फळा कोरा असायचा, तरी ते पुसत राहायचे. त्यानंतर घंटा. त्यानंतर काही नाही. कविता तिथेच संपायची!

मी ती दोन कडवी त्याला म्हणून दाखवली. शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, "चांगलं आहे. शिवण कुठे दिसत नाही. पण हे आपलं नाही रे." मग मी सगळं प्रकरण सांगितलं. तो बराच वेळ खोकला. "खोटं म्हणू का? दोन कडवी म्हणजे काय, सकाळपर्यंत पाठ करतो. चौघं धरून जिना उतरवतील. उसवलेलं शिवण्यातच जन्म गेलाय माझा."

नाही म्हटलं. पण जिना उतरताना हो म्हणावंसं वाटत होतं. प्रत्येक पायरीला वाटत होतं.

मग ही कडवी आली कुठून?

१५ फेब्रुवारी

छापखान्यातून निवृत्त होताना दोन जाडे शब्दकोश भेट मिळाले होते. दोन्ही काढले. 'उंबरउजेड' कुठेही नाही. टिंब सरांचा गोल बरोबर होता.

मग जे इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मात्रा मोजल्या. सगळ्या कवितेत पहिल्या, तिसऱ्या ओळीत आठ आणि आठ, नेमक्या. हा कवी मात्रेला पक्का. आणि इथे 'उंबरउजेडी' — उंबर चार, उजेडी पाच. नऊ! एक जास्त. चालीत म्हणताना मधला 'उ' गिळला जातो, म्हणून कानाला कधी टोचलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा मी, रोज ही ओळ म्हणत होतो आणि मोजली कधीच नव्हती.

ज्याने ही ओळ केली तो बोटांवर मात्रा मोजत नव्हता. तो काहीतरी थोपटत होता. थोपटण्यात एक मात्रा इकडेतिकडे चालते.

हे लिहिलं आणि हात थांबला.

"उंबरउजेड आहे ना? मग घाबरतोस कशाला?"

आठवला तो हिचा आवाज. पलीकडच्या खोलीतून. चिरंजीव लहानपणी अंधाराला फार भ्यायचे. दार लावलं की खालच्या फटीतून, उंबऱ्यावरून, माझ्या दिव्याचा उजेड आत जायचा. मी अलीकडे प्रुफं वाचत बसलेला. त्या पट्टीला ही उंबरउजेड म्हणायची. मला मोठं कौतुक वाटायचं, की बघा, न शिकलेली बाई, पण मी शिकवलेल्या कवितेतला शब्द कसा घरात वापरते! शब्द कवितेतून घरात आला असं मी धरून चाललो होतो.

उलटं असेल तर?

ही जाऊन भोंग्याच्या वयाएवढी वर्षं झाली. विचारू कुणाला?

१६ फेब्रुवारी

चिरंजीवांना विचारलं. दुसरं होतं कोण?

जेवून उठले होते. सूनबाई कामावर जायच्या गडबडीत, भोंगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, ती शेवटची दोन कडवी तुझ्या आईची का रे?

ते माझ्याकडे बघत राहिले. लहानपणी गणित चुकलं की बघायचे तसे नाही. मीच चुकलो असल्यासारखे.

"म्हणजे काय? तुम्हाला माहीत नव्हतं?"

मग तुकड्यातुकड्यांनी बोलले. वाटसरू परत येत नाही तिथे कविता संपली की ते रडायचे. रोज. ही रोज समजूत काढायची, की येईल उद्या. उद्या पुन्हा तीच कविता, पुन्हा तो येत नाही. एक दिवस ही थांबलीच नाही. थोपटत थोपटत पुढे म्हणत गेली, पाणी तापत ठेवलं, त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक कडवं. मग तेवढं कायम झालं. 

मी भिंतीपलीकडे होतो. डोळे प्रुफांवर, कान मोकळे; रोज ऐकून तीही दोन कडवी तोंडात बसली. तिला मी सहा कडवी दिली, तिने आठ करून परत केली, आणि मी ती कवीच्या नावावर जमा करून टाकली.

"त्या दिवशी पेपर बघितल्या बघितल्या ओळखलं मी," चिरंजीव म्हणाले. हेडसरांनी चौकट दाखवली तेव्हाच.

मग बोलला का नाहीस? असं मी विचारलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"काय बोलू? मी एवढा घोडा रडायचो म्हणून आईने कविता वाढवली, हे त्या खोलीत सांगू? त्याच खोलीत मलाही नववीतून काढलं होतं, बाबा. तेव्हा आई बाहेर उभी होती. आणि खरं सांगतो, मला वाटलं, सुटला बिचारा. रोज मान खाली घालून जायचं, मान खाली घालून यायचं. त्यापेक्षा माझ्याबरोबर लेथवर उभा राहील."

ते उठले, दारापर्यंत गेले, आणि मागे न बघता म्हणाले —

"तुम्ही इतकी वर्षं ती शेवटपर्यंत म्हणता. मला वाटायचं, आईची आठवण म्हणून म्हणता."

१७ फेब्रुवारी

चिरंजीवांनी अर्धी रजा टाकली. दोघे गेलो. कारखान्याचेच कपडे होते अंगावर, तसेच त्या खोलीत गेले. मला वाटलं, दारात पाय अडखळतील. नाही अडखळले.

सगळं सांगितलं त्यांनी. रडण्याचंसुद्धा. सांगताना टेबलाच्या कडेकडे बघत होते. अंधार, उंबरा, उजेड, थोपटणं — एखाद्या यंत्राचा बिघाड समजावून सांगावा तसं ओळीने सांगितलं. मला त्यांचा इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि तो सांगायची ती जागा नव्हती.

हेडसरांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, सोमवारी पुस्तक म्हणत होतात, आज पत्नी म्हणता. उद्या शेजारीण म्हणाल. मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. आवाज खाली आला.

"आजोबा, कॉपी नसेलही. चला, नाहीच असं धरू. पण गणितात अकरा, विज्ञानात नऊ. हा पुढच्या वर्षी बोर्डाला बसला की माझा आकडा खाली. आकडा आणखी एकदा खाली गेला की शाळेला कुलूप. उरलेली पोरं कुठे पाठवू मी? कवितेवर कुणी पास झालंय का?"

याला उत्तर आहे, पण टक्क्यांत नाही.

टिंब सर तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. चिरंजीवांना विचारलं, "तो शब्द... तुमच्या आईच म्हणायच्या? त्यांनीच केलेला?" चिरंजीवांनी मान हलवली. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. चाकरी असते माणसाला.

घरी येताना आम्ही दोघे एका पत्र्याखाली चहा प्यायलो. किती वर्षांनी! चिरंजीव म्हणाले, घेऊ दाखला. शेरा स्वच्छ मिळतोय तोवर घेऊ.

१८ फेब्रुवारी

भोंग्याला सांगितलं, ती दोन कडवी तुझ्या आजीची. वाटलं होतं, आनंद होईल.

"मग मी चुकीचंच लिहिलं ना?" म्हणाला.

२० फेब्रुवारी

दाखला आणला. शेरा — 'वर्तणूक चांगली'.

२३ फेब्रुवारी

दाखला आणून चौथा दिवस. सकाळी बापलेक डबे घेऊन कारखान्यात जातात. भोंग्याला सध्या लेथपाशी उभं राहून धातूचा कीस गोळा करायचा असतो. चिरंजीव म्हणतात, हात बरा आहे त्याचा, शिकेल. त्यांच्या आवाजात समाधान नाही. असेल असं त्यांनाही वाटलं होतं.

घर सकाळी इतकं शांत असतं की सूनबाईला आता झोपच लागत नाही. आज दारात बसून होती, चहाचा कप हातात धरून. "बाबा, त्याला एकदा म्हणायला लावा ना काहीतरी." 

लावून बघितलं. संध्याकाळी आला तेव्हा मीच सुरू केली, पहिलं कडवं —

दूर टेकडीमागुन आला
धुळीत भरला वाटसरू...

आणि पुढची ओळ त्याच्यासाठी सोडून दिली. लहानपणी सोडायचो तशी. तो बूट काढत होता. नाडी सोडली, बूट भिंतीला लावून ठेवले. ओळ तशीच लोंबकळत राहिली. मग मीही ती पुरी केली नाही.

मास्तर म्हणायचे अर्थ मागाहून चालत येतो. आला. पण केव्हा आला, आणि कुणाच्या अंगावरून चालत आला!

२५ फेब्रुवारी

रविवार. एक कागद घेतला. दोन्ही कडवी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली कवी म्हणून हिचं नाव. प्रूफ वाचल्यासारखं तीनदा वाचलं. नऊ मात्रांची ती जागा दुरुस्त करायला पेन्सिल टेकवली — 'उंबऱ्यावरी' केलं की नेमक्या आठ होतात. बसतं अगदी.

नाही केलं. राहू दे ती एक मात्रा जास्त.

२७ फेब्रुवारी

तिन्हीसांजेला दार वाजलं. उघडलं तर टिंब सर. खांद्यावर त्यांची तीनेक वर्षांची मुलगी, रडून नाक लाल झालेलं. दाखल्याचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दारातच उभं राहून म्हणाले, पेपर तपासताना ती दोन कडवी डोक्यात बसली, एकदा सहज हिला म्हणून दाखवली. तेव्हापासून रोज तीच मागते. "मी नुसती वाचतो. ही म्हणते, गाऊन म्हण. मला चाल येत नाही."

मला येते. अगदी ओठांवर आली होती. गिळली.

"ज्याला येते तो आत आहे," म्हटलं आणि बाजूला झालो.

सरांनी चपला काढल्या. आतल्या खोलीच्या दाराशी गेले, थांबले, आणि पोरीला सावरून घेत भोंग्याला विचारलं —

"आत येऊ का?"